बबली, सोडा आणि सहाचा आकडा

मे महिन्यातला मंगळवार. पहाटेचे साडेपाच. मला जाग आली ती अलार्मने नाही, शांततेने.

आमच्या ठाण्याच्या वन-बीएचकेमध्ये रात्रभर एक घरघर चालू असते. हॉलमधल्या माझ्या फिश टँकच्या पंपाची. माझ्या रूममेटला सुरुवातीचे पंधरा दिवस त्या आवाजाने झोप लागायची नाही, आता त्याच्याशिवाय लागत नाही. त्या दिवशी ती घरघर बंद होती. उठून लाइट लावला. पंप जॅम. पाणी ढिम्म. आणि कोपऱ्यात, वाळूवर आडवी पडलेली बबली.

बबली म्हणजे माझी क्लाउनफिश. तोच तो नारिंगी-पांढरा, २००३च्या पिक्चरमधल्या निमोचा खानदानी. जोडी होती, बंटी आणि बबली. बबली मोठी, दादागिरी करणारी. बंटी छोटा, कायम तिच्या मागे मागे. दोन वर्षं माझ्याकडे होती दोघं.

मी रडले का? हो, चक्क रडले. आणि नऊ वाजता तोंड धुऊन एका मॉइश्चरायझरच्या लाँचला गेले. फ्रीलान्सरला मासा गेल्याची रजा मिळत नाही!

बबली गेली ती माझ्यामुळे. नीट सांगायचं तर माझ्या टेस्ट किटमुळे, आणि त्या किटवर मी डोळे मिटून ठेवलेल्या विश्वासामुळे. ‘समुद्राच्या पाण्याचा टँक ठेवायचाय, कुठलं किट घेऊ?’ असं अलीकडे बरेच जण विचारतात. पगार चांगला, घर छोटं, कुत्रा पाळायला सोसायटीची ना... अशा सगळ्यांची नजर रीफ टँककडे वळते. त्यांच्यासाठी हा आठवड्याचा कॉलम.

सहा म्हणजे डेंजर?

आधी माझ्या टँकची ओळख. नव्वद लिटर पाणी, दोन क्लाउनफिश, थोड्या गोगलगायी आणि मऊ कोरल्स. मश्रूम कोरल, बटणांसारखे झोअँथिड्स, एक लेदर कोरल. कठीण, दगडासारखी कोरल्स माझ्याकडे नाहीत आणि असणारही नाहीत. रीफ बांधणारी ही कोरल्स २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहेत, म्हणजे थेट वाघाच्या रांगेत. मालवणला स्नॉर्कलिंग करताना खाली जी दिसतात ना, तीही यातच आली. कुणी ‘लोकल पीस आहे मॅडम, स्वस्तात देतो’ म्हणाला तर सरळ बाहेर पडा.

समुद्र अवाढव्य, त्यामुळे त्याचं पाणी सहसा बिघडत नाही. नव्वद लिटरचा समुद्र मात्र एका चमच्याने बिघडतो. म्हणून पाणी मोजायचं. मोजण्यातली एक मुख्य गोष्ट म्हणजे अल्कलिनिटी. सोप्या भाषेत, पाण्याची आम्ल पचवायची ताकद. ती डीकेएच या एककात मोजतात. खऱ्या समुद्रात ती साधारण ७ असते. घरच्या टँकमध्ये बहुतेक जण ७ ते ९च्या मध्ये ठेवतात.

माझं किट ड्रॉपवालं होतं. पाच मिलिलिटर पाणी घ्यायचं, त्यात बाटलीतलं रसायन थेंब थेंब टाकायचं. निळं पाणी पिवळं झालं की थांबायचं. जितके थेंब, तितके डीकेएच. एकदम सोप्पं!

एप्रिलमध्ये एका रविवारी मोजलं तर सहा थेंब. म्हणजे ६. मला धडकीच भरली. दुसऱ्या दिवशी बफर पावडर आणली आणि रोज थोडी थोडी टाकायला लागले. पाच-सहा दिवसांनी सात. मग आठ. मे उजाडेपर्यंत नऊ. मी खूश. वहीत नऊच्या बाजूला स्मायली काढला होता, अजून आहे तो.

त्याच दिवसांत हीटरवर पांढरा थर दिसायला लागला होता. लेदर कोरल मलूल झालं होतं. मला वाटलं, उन्हाळा आहे, आपणही मलूलच आहोत. किट नऊ म्हणतंय ना? मग सगळं ओक्के.

मावशीचा एक प्रश्न

संध्याकाळी लाँचहून परत आल्यावर पंप उघडला. आतला फिरणारा भाग त्याच पांढऱ्या थराने गच्च धरला होता. त्यावर व्हिनेगर टाकलं तर फसफसलं. कॅल्शियम कार्बोनेट! म्हणजे चुनखडीच. पाण्यात अल्कलिनिटी आणि कॅल्शियम दोन्ही भरपूर झालं की ते असं खाली बसतं, आणि गरम जागी आधी बसतं. हीटरवर, पंपात. त्यात मी पावडर घोळून ओतायचे ती नेमकी पंपाच्या तोंडाशी, ‘लवकर मिसळावी’ म्हणून. रात्री पंप अडकला, पाणी थांबलं. मे महिन्यातल्या तीस डिग्रीच्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो. मोठ्या माशाला तो जास्त लागतो. बबली मोठी होती.

पण अल्कलिनिटी तर नऊ होती! नऊला पंप चुनखडीने जाम होईल?

सांगलीच्या मावशीला फोन लावला. मावशीने तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवली. माझा सगळा रडका रिपोर्ट तिने शांतपणे ऐकून घेतला आणि एकच प्रश्न विचारला.

“अगं, पण तुझं ते किट बरोबर आहे हे तुला कुणी सांगितलं?”

मी गप्प. बॉक्सवर लिहिलं होतं. दुकानदारकाकांनी सांगितलं होतं. दिसायला चांगलं होतं...

“प्रॅक्टिकलला पोरं रीडिंग आणायची ना, की मी आधी विचारायचे, स्टॅण्डर्ड लावलं का? ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहितीय असं पाणी मोजून बघायचं. त्यात किट खोटं बोललं तर तुझ्या टँकबद्दल काय खरं बोलणार ते?”

मग तिने फोनवरच रेसिपी सांगितली. तुम्हीही लिहून घ्या, किचनमधल्या वस्तूने होते. खाण्याचा सोडा २.१ ग्रॅम (साधा सोडा हं, बेकिंग पावडर नाही!), एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायचा. त्यातलं १०० मिलिलिटर काढून त्यात ९०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर टाकायचं. हे जे दुसरं पाणी तयार होतं, त्याची अल्कलिनिटी ७ डीकेएच. सोड्याच्या रेणूचं वजन ठरलेलं आहे, त्यामुळे हे उत्तरही ठरलेलं.

२.१ ग्रॅम मोजायला काटा कुठून आणायचा? आमच्या बिल्डिंगखाली सोनारकाकांचं दुकान आहे. सोड्याची पुडी घेऊन गेले तेव्हा त्यांनी आधी पुडीकडे, मग माझ्याकडे पाहिलं. पण तोलून दिलं बिचाऱ्यांनी, दोन दशांशांपर्यंत!

वर येऊन माझ्या किटने ते पाणी मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. पिवळं. पुन्हा मोजलं. पुन्हा पाच.

सात असलेल्या पाण्याला माझं किट पाच म्हणत होतं. आता गणित करा. किटचा आकडा १.४ने गुणायचा. एप्रिलमधला तो घाबरवणारा सहा म्हणजे प्रत्यक्षात ८.४. म्हणजे माझा टँक तेव्हा एकदम फिट होता! आणि स्मायलीवाला नऊ म्हणजे १२.६. मी चांगल्या तब्येतीच्या पेशंटला तीन आठवडे औषध पाजत होते.

किट असं का वागलं? बाटली हातात घेतली तर झाकण अर्धवट लागलेलं. मी ती खिडकीत ठेवायचे, भर उन्हात, कारण तिथे लेबल नीट वाचता यायचं. महिनोन्‌महिने त्यातलं पाणी उडत राहिलं, आम्ल आत राहिलं. रसायन स्ट्राँग झालं, म्हणून कमी थेंबांत रंग बदलायला लागला. कंपनीचा दोष शून्य. सगळी करामत माझी.

बातमी देताना मी दोन सोर्सशिवाय ओळ लिहीत नाही, एडिटर फाडून खाईल. आणि घरात दोन जिवांचा प्रश्न होता तर एका बाटलीचं ऐकून मोकळी झाले.

कुठलं किट घ्यायचं?

तर आता तुमचा प्रश्न. पहिली गोष्ट, सगळी किट्स घेऊ नका. बॉक्समध्ये आठ बाटल्या आहेत म्हणून आठ गोष्टी मोजायच्या असं नाही. नवीन टँकला पहिले काही आठवडे अमोनिया मोजा, कारण मासे मरतात ते बहुतेक तेव्हाच. टँक जमला की खारेपणा, अल्कलिनिटी, नायट्रेट आणि फॉस्फेट. मऊ कोरल्सच्या टँकला एवढं पुष्कळ झालं. नियमित पाणी बदलत असाल तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मोजायची वेळ फारशी येत नाही.

खारेपणा : यापासून सुरुवात करा, कारण हा चुकला तर बाकीचे आकडे वाचून काही उपयोग नाही. समुद्र साधारण ३५ पीपीटी. काटा वर-खाली होणारा प्लास्टिकचा हायड्रोमीटर स्वस्त असतो, पण काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा वर सरकतो. रिफ्रॅक्टोमीटर बरा. मात्र तो साध्या पाण्यावर शून्याला लावून थांबू नका, शून्याला बरोबर असलेला पस्तीसला चुकू शकतो. ३५चं तयार स्टॅण्डर्ड पाणी मिळतं, त्याने तपासा. घरी करायचं तर रँडी होम्स-फार्ली या अमेरिकन केमिस्टची कृती या हौशी मंडळींमध्ये फेमस आहे. ३.६५ ग्रॅम शुद्ध मीठ ९६.३५ ग्रॅम शुद्ध पाण्यात. रिफ्रॅक्टोमीटरला हे ३५च्या समुद्रासारखं दिसतं. एक मात्र बघून घ्या, काही रिफ्रॅक्टोमीटर समुद्राच्या नाही तर साध्या मिठाच्या पाण्यासाठी बनवलेले असतात. ते शून्याला बरोबर असूनही पस्तीसच्या आसपास दीडेक पीपीटीने चुकतात.

अल्कलिनिटी : थेंब मोजायचं किट वाईट नाही, पण एक थेंब म्हणजे एक डीकेएच. सात आणि आठच्या मधलं त्याला दिसतच नाही. सोपी युक्ती म्हणजे पाणी दुप्पट घ्या, आता एक थेंब अर्ध्याचा. सिरिंजवालं किट त्याहून बारीक मोजतं. डिजिटल हवं असेल तर हॅना कंपनीचे छोटे ‘चेकर’ मिळतात, आकडा स्क्रीनवर. रंग ओळखण्याची कटकट नाही. पण डिजिटल म्हणजे देवाची वाणी नव्हे. त्यांच्या अल्कलिनिटी चेकरची कंपनीनेच दिलेली अचूकता आहे ±०.३ डीकेएच, वर रीडिंगच्या ५ टक्के. म्हणजे स्क्रीनवर ८.० दिसलं तर खरं ७.३ ते ८.७मध्ये कुठेही. काल ८.० आणि आज ७.७ आलं म्हणून डबा उघडायचा नाही!

नायट्रेट : इथे रंगांचं कार्ड येतं, आणि तिथेच घोटाळा. नारिंगी की गडद नारिंगी? आमच्या घरी यावरून भांडणं झालीयेत. कार्ड दिवसाउजेडी, पांढऱ्या कागदावर धरून बघा. ट्यूबलाइटखाली एक, पिवळ्या बल्बखाली दुसरंच दिसतं. शिवाय यातल्या काही किटमध्ये एक रसायन तळाशी बसतं. बाटली तीस सेकंद जोरात हलवा असं लिहिलं असेल तर खरंच तीस सेकंद हलवा, घड्याळ लावून. नाही हलवली तर नायट्रेट कमी दिसतं, आपण खूश होतो आणि टँक सडत जातो. माझ्यापेक्षा उलटी चूक, फळ तेच.

फॉस्फेट : हवं असतं ०.०५ पीपीएमच्या आसपास. इतका फिका निळा डोळ्यांना ओळखूच येत नाही. खर्च करायचाच असेल तर माझ्या मते तो इथे करा, फोटोमीटरवर. हॅनाच्या अल्ट्रा लो रेंज फॉस्फेट चेकरची अचूकता ±०.०२ पीपीएम, वर ५ टक्के. ०.०५ दाखवलं तर खरं ०.०३ ते ०.०७. एवढं पुरे आहे. काचेच्या छोट्या बाटलीवर बोटाचा ठसा किंवा आत बुडबुडा राहिला तर तोही मोजला जातो, म्हणून दरवेळी पुसून घ्या.

आणि त्या कागदी पट्ट्या? बुडवा, काढा, रंग बघा. पाणी बदलायला झालंय का एवढा अंदाज त्यांनी येतो. त्यांच्या भरवशावर औषध टाकायचं नाही.

दुकानात शिरल्यावर

किट हे खरं तर दुधाच्या पिशवीसारखं आहे. ब्रँडच्या आधी तारीख बघायची. एक्स्पायरी बॉक्सवर असते तशी बऱ्याचदा बाटलीवरही असते, दोन्ही बघा. तारखेवर किमतीचं स्टिकर चिकटवलं असेल तर ते काढायला सांगा, लाजू नका. सील बघा. किट दुकानात कुठे ठेवलं होतं तेही बघा. रस्त्याकडच्या काचेत उन्हात रंग उडालेला बॉक्स असेल तर आतली रसायनंही तेवढीच ऊन खाऊन बसलेली असतात. ‘रिफिल मिळतं का?’ हा प्रश्न विचाराच. महागडं मशीन घेतलं आणि त्याची पावडर आपल्याकडे मिळत नसेल तर ते शोपीस.

घरी आल्यावर बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करने लिहा. झाकण घट्ट. जागा कपाटात, अंधारात. आणि नवीन किटने पहिलं मोजायचं ते टँकचं पाणी नाही, सोड्याचं पाणी (अल्कलिनिटीसाठी). बाकीच्यांसाठी तयार स्टॅण्डर्ड मिळतात. तेही नसेल तर ओळखीच्या कुणाकडे टँक असेल त्याच्याकडे आपलं पाणी घेऊन जा. एकच पाणी, दोन किट्स. आकडे जुळले तर चहा, नाही जुळले तर दोघांनाही काम.

मोजायची वेळ रोजची एकच ठेवा. मी रविवारी सकाळी दहाला मोजते, केस धुवायच्या आधी. वहीत आकडा लिहायचा, बाजूला काय टाकलं ते लिहायचं. विचित्र आकडा आला तर लगेच काही ओतायचं नाही. पुन्हा मोजायचं. पुन्हा तोच आला तर सोड्याचं पाणी मोजायचं. ते बरोबर आलं तरच पावडरच्या डब्याला हात लावायचा, आणि दिवसात एक डीकेएचपेक्षा जास्त हलवायचं नाही. घाई करावी अशी एकच गोष्ट आहे, अमोनिया. तो दिसला तर थोडं पाणी बदलून टाका. त्याने कुणाचं नुकसान होत नाही, किट खोटं असलं तरी.

आणि डोळे! हीटरवरचा पांढरा थर, मलूल पडलेलं लेदर कोरल... मला सगळं दिसत होतं. मी त्यांचं ऐकलं नाही, कारण माझ्याकडे आकडा होता.

बंटीचं काय?

बबली गेल्यावर पहिला आठवडा बंटी कोपऱ्यात बसून होता. खायचा कमी. रूममेट म्हणाली, “नवीन बबली आण ना त्याला.” मी आणली नाही. धीरच झाला नाही.

मग हळूहळू तो बाहेर यायला लागला. आता तो सगळा टँक आपला असल्यासारखा फिरतो. मी पंप साफ करायला हात घातला की बोटाला येऊन चावतो. ही बबलीची सवय होती, बंटी कधी असं करायचा नाही.

हा काही चमत्कार नाही. क्लाउनफिश सगळे आधी नरच असतात. जोडीतली मादी गेली की राहिलेला नर हळूहळू मादी होतो, आणि मग परत नर होत नाही. म्हणजे काही दिवसांनी माझा बंटीच बबली असेल. रूममेटने नाव बदलायचं का म्हणून विचारलंय. मी म्हटलं, थांब जरा.

या रविवारी सोड्याचं पाणी मोजलं. नवीन किट, थेंबाला अर्धा डीकेएच, चौदा थेंब. म्हणजे सात. मग टँकचं मोजलं, साडेआठ. वहीत लिहिलं. यावेळी स्मायली नाही काढला. झाकण घट्ट लावलं, दोनदा तपासलं आणि बाटली कपाटात ठेवली.